दलाल कुणाचा?



बैलबाजारात उभे राहून सौदा पाहिलेला नाही असा शेतकरी आपल्यात विरळाच. घेणारा एका बाजूला, विकणारा दुसऱ्या बाजूला, आणि मधे दलाल. रुमालाखाली हात जातात, बोटे दाबली जातात. दलाल एकदा याच्या कानाशी लागतो, एकदा त्याच्या. सौदा मोडतोय असे दिसले की दोघांनाही दंडाला धरून परत ओढून आणतो. शेवटी कासरा नव्या हातात पडतो, आणि दलाल दोघांकडूनही आपले पैसे घेऊन पुढच्या दावणीकडे चालू लागतो. लहानपणी मी वडिलांबरोबर बाजाराला जात असे. एकदा घरी येताना मी त्यांना विचारले, "आबा, तो मधला माणूस आपला होता का त्यांचा?" आबा हसले. म्हणाले, "तो बाजाराचा."

हे उत्तर मला पुढे कित्येक वर्षे पुरले. परवा परवापर्यंत, म्हणजे आमच्या थोरल्या ताईच्या मुलाचा अमेरिकेतून फोन येईपर्यंत.

भाचा टेक्सास राज्यात, डॅलस शहराजवळ नोकरी करतो. २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास त्याने घर घ्यायचे ठरवले. एका दलालाला फोन केला, अमुक अमुक घर बघायचे आहे म्हणून सांगितले. दलाल म्हणाला, दाखवतो की. पण अगोदर या कागदावर सही करा. कागद चांगला आठ पानांचा. त्यात लिहिलेले, की हा दलाल तुमचा प्रतिनिधी, आणि त्याबद्दल तुम्ही त्याला अमुक इतकी दलाली देणे लागता. भाचा गोंधळला. "मामा, अजून घराचा उंबरा पाहिला नाही, आणि हा माणूस बारा हजार डॉलरचा कागद पुढे करतोय. करू का सही?"

मी अर्थशास्त्राचा शिक्षक, कायद्याचा नव्हे. पण मामा म्हणून विचारल्यावर काहीतरी सांगणे भागच होते. मी म्हटले, "अजिबात करू नकोस." आणि मग, फोन ठेवल्यावर, हा प्रकार काय आहे ते वाचायला बसलो. खरे तर क्रम उलटा असायला हवा होता.

अमेरिकेत घर विकायचे झाले की मालक एका दलालाकडे जातो. दलाल ते घर त्या भागातल्या दलालांच्या सामाईक यादीत चढवतो. मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस असे तिचे तिकडचे नाव. आपण सामाईक यादीच म्हणू. ज्याला घर घ्यायचे आहे तो दुसऱ्या एखाद्या दलालाकडे जातो, आणि हा दुसरा दलाल यादीतून घरे काढून त्याला गाडीत घालून दाखवीत फिरतो. म्हणजे एका सौद्याला दलाल दोन. दलाली साधारणतः शेकडा पाच ते सहा. ती विकणाऱ्याने द्यायची, आणि विकणाऱ्याच्या दलालाने त्यातला जवळजवळ निम्मा वाटा घेणाऱ्याच्या दलालाला द्यायचा, अशी वहिवाट. हा वाटा किती, ते यादीतच लिहिलेले असे. दलालांनी ते वाचायचे आणि घर दाखवायला निघायचे.

घेणाऱ्याला मग सांगण्यात येई, की माझी सेवा तुम्हाला फुकट आहे, माझे पैसे समोरचा देतो.

शिक्षक बंधुभगिनी ऐकत असतील त्यांना सांगतो, आठवीला सूट आणि कमिशन शिकवताना हे उदाहरण फळ्यावर जरूर घालावे. घर चार लाख डॉलरचे. दलाली शेकडा सहा, म्हणजे चोवीस हजार. दोघा दलालांना बारा बारा हजार. विकणाऱ्याच्या पदरात पडले तीन लाख शहात्तर हजार. आता मुलांना विचारा, की या व्यवहारात टेबलावर पैसे घेऊन आला कोण? एकटा घेणारा. बँकेचे कर्ज त्याच्याच नावावर. त्याच चार लाखांतून विकणाऱ्याचे पैसे निघाले आणि दोघा दलालांचेही त्यातूनच. मग फुकट ते काय राहिले? दलाली किमतीतच मुरलेली होती, आणि मुरलेली असल्यामुळे ती दिसत नव्हती, इतकेच.

याहून एक जुनी गोष्ट आहे, ती ऐकून मला आबांची आठवण झाली. १९९० च्या आसपासपर्यंत तिकडच्या बहुतेक राज्यांत कायद्याच्या दृष्टीने हा घरे दाखवीत फिरणारा दुसरा दलालसुद्धा विकणाऱ्याचाच उपदलाल मानला जाई! घेणाऱ्याला वाटे, हा आपला माणूस. त्याच्याशी तो मोकळेपणाने बोले, "मागतायत साडेतीन, पण वेळ पडली तर पावणेचारापर्यंत जाऊ." आणि हा माणूस कायद्याने ती गोष्ट विकणाऱ्याला सांगायला बांधलेला. अमेरिकी सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९८३ साली एक अहवाल काढला. त्यात हेच पुढे आले, की बहुतेक घेणाऱ्यांना तो दलाल आपला आहे असे वाटत होते. पुढे घेणाऱ्याचा म्हणून वेगळा दलाल कायद्यात आला. पण त्याचे पैसे मात्र पूर्वीच्याच वाटेने, विकणाऱ्याकडून येत राहिले.

हे दुखणे नवे नाही. दलालांच्या संघटनेने दलालीचे ठरावीक दर लावणे बेकायदा आहे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० सालीच दिला होता. ठरावीक दरांचा कागद गेला, वहिवाट राहिली. बाजारात वहिवाट ही कागदापेक्षा चिवट असते, हे आपल्याला मार्केट यार्डात रोज दिसतेच.

मग २०१९ साली मिसुरी राज्यातल्या काही घर विकणाऱ्यांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे सरळ होते. घेणाऱ्याचा दलाल आमच्या विरुद्ध भाव पाडायला बसणार, आणि त्याची मजुरी आम्ही का द्यायची? न द्यावी, तर तो गिऱ्हाईक आमच्या घराकडे आणीलच कशाला? ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅन्सस सिटीच्या न्यायालयात पंचांनी विकणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला, आणि नुकसानभरपाईचा आकडा काढला सुमारे १७८ कोटी डॉलर. तिकडच्या कायद्याने तो तिप्पट होऊ शकतो. नॅशनल असोसिएशन ऑफ रिॲल्टर्स ही तिकडच्या दलालांची संघटना; १९०८ साली स्थापन झालेली, सुमारे पंधरा लाख सभासदांची. तिने मार्च २०२४ मध्ये आपली चूक मान्य न करता तडजोड केली, ४१ कोटी ८० लाख डॉलर द्यायचे कबूल केले, आणि दोन नियम बदलले.

पहिला असा, की घेणाऱ्याच्या दलालाला किती वाटा मिळेल हे सामाईक यादीत लिहायचे नाही. दुसरा असा, की घर दाखवण्यापूर्वी दलालाने घेणाऱ्याशी लेखी करार केला पाहिजे. १७ ऑगस्ट २०२४ पासून हे लागू झाले. काही राज्यांत असा करार त्याअगोदरही होता, आता देशभर झाला. मौज अशी, की दावा लावला विकणाऱ्यांनी, आणि कागद येऊन पडला घेणाऱ्याच्या पुढ्यात, म्हणजे आमच्या भाच्याच्या.

या करारात काय असले पाहिजे हेही ठरलेले आहे. दलालीचा आकडा स्वच्छ लिहिला पाहिजे. शेकडा इतके, किंवा ठोक इतके, किंवा तासाला इतके. समोरचा देईल तेवढे, असे मोघम चालत नाही. लिहिल्यापेक्षा जास्त पैसे दलालाला कुठूनही घेता येत नाहीत, विकणाऱ्याने आपण होऊन देऊ केले तरीसुद्धा. आणि दलालीचा दर कायद्याने ठरलेला नाही, तो बोलून कमी-जास्त करता येतो, हे वाक्य ठळकपणे छापलेले असले पाहिजे.

मी भाच्याला परत फोन केला. म्हटले, "ते वाक्य तुझ्या कागदात आहे का बघ." तो म्हणाला, "आहे की मामा, चौथ्या पानावर." "वाचलंस?" "वाचलं. पण मला वाटलं, ते छापायचं म्हणून छापलंय."

आपल्या सगळ्यांचीच ही सवय. छापील कागद दिसला की तो देवाच्या घरून आला असे आपण धरून चालतो. सोसायटीच्या कर्जाचा असो, विम्याचा असो, शाळेतल्या प्रवेशाचा असो. बोट ठेवून ‘इथे सही करा’ म्हणणारा भेटला की आपण ते बोट तेवढे बघतो.

मग आम्ही दोघांनी मिळून तो कागद ओळीने वाचला. भारतात रात्र, तिकडे सकाळ. दर शेकडा तीन. मुदत सहा महिने. क्षेत्र सगळी कौंटी, म्हणजे आपल्याकडचा एखादा जिल्हाच समजा. या सहा महिन्यांत या जिल्ह्यात तू कुठलेही घर घेतलेस, अगदी ऑफिसातल्या मित्राने सांगितलेले आणि तू स्वतः जाऊन ठरवलेले घेतलेस, तरी दलाली या गृहस्थाची. मुदत संपल्यावरही काही दिवस, त्याने दाखवलेल्या घरांपैकी घेतलेस, तर त्याचीच. मधे दुसरा दलाल पसंत पडून त्याच्याबरोबरही सही केलीस, तर एका घराच्या दोन दलाल्या अंगावर यायची धास्ती. आणि विकणाऱ्याने काही दिले तर ते वजा करून उरलेले तू द्यायचेस. तेही घर नावावर होण्याच्या दिवशी रोख, कारण ही रक्कम सहसा कर्जात बसवता येत नाही.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक नाही. पहिलेच घर घेणारे तरुण जोडपे चार-पाच वर्षे पै पै साठवते, ते बँकेला दाखवायच्या हिश्शापुरते. त्यावर आणखी बारा हजार डॉलर कुठून आणायचे? जुनी पद्धत अशा माणसाला सोयीची होती, कारण दलाली किमतीत मुरून कर्जातून जाई आणि तीस वर्षांत फिटे. दलालांची बाजू मांडणारे हेच सांगतात, आणि ते काही खोटे नाही. आपल्या साताऱ्या-कोल्हापूरकडच्या गावांना पटेल असे एक उदाहरण सांगतो. तिकडे माजी सैनिकांना सरकारच्या हमीवर घरकर्ज मिळते. त्या योजनेत सैनिकाने घेणाऱ्याच्या दलालाची दलाली स्वतः द्यायची नाही, असा नियम होता; त्याला कुणी लुबाडू नये म्हणून केलेला. नवी रीत येणार म्हणताच हाच नियम आड येऊ लागला. विकणारा दलाली द्यायला तयार नसेल तर सैनिकाला दलाल मिळणेच अवघड होणार होते. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये ती मनाई तात्पुरती उठवावी लागली.

तेव्हा पैसे कुणाच्या हातून जावेत, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. आपल्याकडेही हा घोळ झालेला आहे. २०१६ साली महाराष्ट्रात फळे आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यावी, असा बदल झाला. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध बाजार बंद ठेवले, ते आपल्याला आठवत असेल. तेव्हा वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "सर, खरेदीदार अडत देणार असेल, तर तो भाव बोलतानाच तेवढा कमी नाही का बोलणार?" प्रश्न बिनतोड होता. पैसे मोजतो कोण आणि भार सोसतो कोण, या दोन गोष्टी वेगळ्या. भार कुणाकडे सरकेल, ते कोणाची गरज किती नडलेली आहे त्यावर ठरते. टोमॅटो घेऊन आलेल्या शेतकऱ्याला माल परत नेता येत नाही, हे खरेदीदाराला पक्के ठाऊक असते.

मग पट्टीत अडत कुठे लिहिली याला अर्थच नाही काय? आहे. पैसे ज्याच्या हातून मोजून जातात त्याला ‘इतके का?’ असे विचारता येते. किमतीत मुरलेल्या पैशाबद्दल कुणी विचारत नाही. मिसुरीच्या दाव्यानंतर तिकडची दलाली काही एकाएकी कोसळली नाही. पण जो माणूस आजवर ‘फुकट’ या शब्दावर समाधान मानून होता, त्याच्यापुढे आकडा आला, आणि आकड्यावर बोलण्याचा अधिकारही आला.

एक उणीव मात्र नव्या कागदानेही गेलेली नाही. दलाली शेकड्यावर आहे. भाच्याच्या दलालाने भांडून किंमत दहा हजारांनी खाली आणली, तर शेकडा तीनने त्याचे स्वतःचे तीनशे डॉलर बुडाले. माणूस प्रामाणिक असेल तर तो भांडेलही. पण ज्याची मजुरी आपला खर्च वाढला की वाढते, त्याला आपल्या खर्चाची राखण करायला ठेवणे, हे गणित मला अजून उलगडलेले नाही.

आता थोडे घरचे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी आमच्या जिल्ह्याच्या गावी एक जुने घर घेतले. एक मध्यस्थ होते. अतिशय गोड बोलणारे गृहस्थ. चार रविवार त्यांनी मला आपल्या मोटारसायकलवर बसवून हिंडवले. घरी आले, चहा झाला, मुलाला चॉकलेट. बोलता बोलता आमच्या सौभाग्यवतींना त्यांनी विचारले, "वहिनी, बँकेनं किती मंजूर केलंय?" त्यांनी सांगून टाकले. पुढच्या रविवारी घरमालकाने जो आकडा धरला, तो आमच्या कर्जमंजुरीच्या शेवटच्या रुपयापर्यंत येऊन थांबला. तिथून तो हलेना. मी घर घेतले, कारण गरज होती. दलाली मध्यस्थांनी माझ्याकडूनही घेतली आणि मालकाकडूनही. त्यांना दोष तरी कसा देऊ? तुम्ही कुणाचे, असे मी त्यांना कधी विचारलेच नव्हते, आणि त्यांनीही सांगितले नव्हते.

वास्तविक आपल्याकडे याला कायदा नाही असे नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात प्रतिनिधीचे एक सबंध प्रकरण आहे. प्रतिनिधीने मालकाला हिशेब दिला पाहिजे. मालकाच्या नकळत स्वतःसाठी सौदा करून फायदा मिळवला, तर तो फायदा मालकाला मागता येतो. कामात गैरवर्तन केले, तर त्या कामाची मजुरी मागायचा हक्क जातो. दीडशे वर्षांहून जुना कायदा, पण नेमका. अडचण अशी, की ‘हा माझा प्रतिनिधी’ हे अगोदर सिद्ध व्हावे लागते, आणि आपला सगळा व्यवहार तोंडी. २०१६ चा रेरा कायदा आला. त्यानुसार नोंदणीकृत गृहप्रकल्पातल्या सदनिका-भूखंड विकून देणाऱ्या एजंटाला नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात महारेराच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक आपल्याला पाहता येतो, आणि तो जरूर पाहावा. पण गावातला वाडा, जुने घर, शेताचा तुकडा यांचा सौदा जुळवणारा मध्यस्थ सहसा या नोंदणीच्या बाहेरच राहतो. आणि आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध येतो तो त्याच्याशीच.

तेव्हा उद्या कुणी असा मध्यस्थ आपल्या ओसरीवर येऊन बसला, तर चहा जरूर द्यावा. पण चहा संपायच्या आत तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: समोरच्याकडूनही तुम्ही पैसे घेणार का, एकंदर किती घेणार, आणि सौदा नाही झाला तर काय. उत्तर वहीच्या पानावर लिहून खाली दोघांच्या सह्या घातल्या तरी पुष्कळ. रागावून उठून गेला, तर गेला. आणि कर्ज किती मंजूर झाले ते सांगू नये, हे मी आमच्या घरी आता सर्वांना सांगून ठेवले आहे.

भाच्याचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी अगोदर दिलेला सल्ला मागे घेतला. सही अजिबात करू नकोस म्हणणे चुकीचे होते. न केली तर त्याला मोकळ्या रविवारी सर्वांसाठी उघडी ठेवलेली घरे पाहता आली असती, नाहीतर विकणाऱ्याच्याच दलालाकडे जावे लागले असते, आणि तो तर उघडउघड विकणाऱ्याचा. कागद हवाच होता. तो ज्या रूपात पुढे आला त्या रूपात नको होता. भाच्याने दलालाला सांगितले, की सहा महिने नाही, पंधरा दिवस. सगळा जिल्हा नाही, ही यादीतली तीन घरे. आणि शेकडा तीन नाही, दोन. दलाल थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ठीक आहे. "मामा, इतक्या लवकर ठीक आहे म्हणाला, की दीड म्हणायला हवं होतं असं वाटलं," भाचा म्हणाला.

तीनांपैकी एक घर पसंत पडले. तीन लाख नव्वद हजाराला सौदा पटला. शेकडा दोनने दलाली झाली सात हजार आठशे. विकणाऱ्याने त्यातले पाच हजार द्यावेत, असे भाच्याने आपल्या मागणीपत्रातच घातले होते. त्याने ते कबूल केले. उरलेले अठ्ठावीसशे भाच्याने आपल्या हाताने मोजले.

वास्तुशांतीचे फोटो आले तेव्हा ताई आमच्याकडेच होती. तिने ते चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिले. स्वयंपाकघर कुठे, देवघर कुठल्या दिशेला, सगळे विचारून झाले. मग एका फोटोतल्या, दाराशी किल्ली हातात घेऊन उभ्या असलेल्या, कोट घातलेल्या माणसावर बोट ठेवून म्हणाली, "अरे, हा कोण?"

मी म्हटले, "तो आपला दलाल."